बाहेर पडल्याची नोंद

स्मरणिकेसाठी आम्हा तिघांनी मिळून काही लिहावे, असा निरोप मुख्याध्यापक सरांनी धाडला, तेव्हा पहिल्यांदा आम्हाला संकोच वाटला. पहाटेची वंदना, थंडीतले हौदाचे पाणी, भोजनगृहाबाहेरची ताटे हातात धरलेली रांग, भन्तेजींचे हळू आवाजातले रागावणे, या आठवणी इतरांच्या लेखांतून येतील आणि आमच्यापेक्षा चांगल्या येतील. पोटापाण्यासाठी आम्ही तिघेही संगणकाच्या धंद्यात पडलो. आमच्याजवळ सांगण्यासारखी आहे ती आमच्या हातून या शाळेतच घडलेली एक चूक. ती चूक एका छोट्या शब्दाने केली. त्या शब्दाचा अर्थ ‘बाहेर पड’ असा आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत विद्यालयाची जुनी जनरल रजिस्टरे संगणकावर उतरवून देण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. या रजिस्टरांचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. मुलीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी समितीपुढे उभे राहिलेल्या बापाला स्वतःचा, भावाचा, बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत हिंडावे लागते. एका घरातल्या एका भावाच्या नावापुढे ‘बौद्ध’, दुसऱ्याच्या नावापुढे ‘नवबौद्ध’ आणि काकांच्या नावापुढे जुनी जात, अशी नोंद असते. तिचा मेळ घालणारा कागद या रजिस्टरांतच सापडतो. पाने पिवळी पडली होती, कडा झिजल्या होत्या, एका रजिस्टरला वाळवी लागून गेली होती. काम तातडीचे होते.

नववीच्या विद्यार्थ्यांनी एकेक पान स्कॅन केले आणि प्रत्येक वेळी त्या पानाचा क्रमांक एका यादीत टंकला. दुसऱ्या यादीत रजिस्टर क्रमांक आणि नावे होती. आता कोणते नाव कोणत्या पानावर, याची सूची जुळवायची. हे काम हाताने करायला महिना लागला असता. आम्ही त्यासाठी शेलची एक स्क्रिप्ट लिहिली.

शेल म्हणजे काय, हे आमच्या पालकवर्गासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणकाच्या गाभ्याशी माणसाने शब्दांनी बोलायचे असेल, तर मध्ये एक दुभाषी लागतो. तो शेल. आपण एक ओळ टंकायची, त्याने ती करून दाखवायची. त्याच ओळी एका फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवल्या की ती झाली स्क्रिप्ट. एकच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल तेव्हा त्या ओळींना फेरा घालतात. त्याला लूप म्हणतात.

लूप समजून घ्यायला आपल्या वसतिगृहाची रात्रीची हजेरी पुरेशी आहे. अधीक्षक सर एकेका खोलीत जात आणि प्रत्येक खोलीत एकेका खाटेपाशी थांबत. म्हणजे एका फेऱ्यात दुसरा फेरा. एखादा मुलगा तापाने आजारी-खोलीत असेल, तर तशी खूण करून सर पुढच्या खाटेकडे वळत. शेलमध्ये याला ‘कंटिन्यू’ म्हणतात. ही पाळी सोडा, फेरा चालू ठेवा. एखादी पूर्ण खोलीच कबड्डीच्या सामन्यांना गेलेली असेल, तर पहिल्या खाटेपाशीच ते कळे आणि सर ती खोली सोडून पुढच्या खोलीत जात. हा ‘ब्रेक’. हा फेरा सोडा. ज्या एका मुलाला शोधत हजेरी चालली होती तो मधल्याच खोलीत सापडला, तर खाटांचा फेराही सोडायचा आणि खोल्यांचाही. तिथे ‘ब्रेक’ या शब्दापुढे दोनचा आकडा लिहितात. आणि कुठे आग लागली, तर वही मिटून सगळ्यांनीच बाहेर पडायचे. तो ‘एक्झिट’.

चारही शब्द बाहेर पडण्याचेच आहेत. फरक एवढाच की कशातून बाहेर पडायचे. शेल लिहिणाऱ्याची निम्मी अडचण या एका प्रश्नात आहे.

आमच्या स्क्रिप्टचे दोन भाग होते. पहिल्या भागात पानांची यादी क्रमाने लावून एका फेऱ्यात वाचायची आणि प्रत्येक क्रमांक मागच्यापेक्षा एकाने अधिक आहे की नाही, ते पाहायचे. मध्ये एखादा क्रमांक गळालेला दिसला, तर ‘पान नाही’ असे लिहायचे आणि ‘एक्झिट’. दुसऱ्या भागात स्कॅन केलेली चित्रे ओळीने घेऊन दर पानाला दहा नावे याप्रमाणे सूची जुळवायची. पान गळाले असेल तर दुसरा भाग सुरूच होऊ नये, यासाठी पहिला भाग राखणीला बसविला होता.

आम्ही रात्री स्क्रिप्ट चालविली. पडद्यावरून शेकडो ओळी सरकत गेल्या. शेवटची ओळ होती ‘काम पूर्ण’. आम्ही समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक माजी विद्यार्थी मुलीला घेऊन दाखल्याची प्रत न्यायला आले. कार्यालयात आमचे सेवानिवृत्त लिपिक सर बसले होते. वयाची पंचाहत्तरी उलटली, तरी या कामासाठी ते रोज येत होते. संगणकात नाव टाकले, पान उघडले. सरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “बाळांनो, हे पान ह्यांचं नाही. ह्या पानावर सगळी पुढच्या वर्षीची पोरं आहेत. अक्षरही माझं नाही.”

आम्ही दुसरे नाव टाकले. तेही चुकीचे निघाले. तिसरेही. स्कॅन करताना दोन पाने चिकटून एकत्र उलटली गेली होती आणि तिथून पुढचे प्रत्येक नाव दहा नावांनी सरकले होते. प्रत्येक माणसाच्या नावापुढे दुसऱ्याच माणसाचे पान लागले होते. त्या दिवशी लिपिक सर कार्यालयात नसते आणि आम्ही त्या कागदावर शिक्का घेऊन दिला असता, तर त्या मुलीच्या हातात परक्या घराची जात, परक्या घराची जन्मतारीख गेली असती. समितीपुढे तिच्या बापाला खोटा कागद आणल्याचा ठपका सोसावा लागला असता. ही कल्पना आजही आम्हाला अस्वस्थ करते.

आमची पहिली प्रतिक्रिया अशी होती की संगणकाने गळालेले पान पाहिलेच नाही. पण नोंदी वर सरकवून पाहिल्या, तर त्या शेकडो ओळींत एक ओळ स्पष्ट होती, ‘पान नाही’. राखणदाराने चोर पाहिला होता, हाकही दिली होती आणि आज्ञेप्रमाणे तो बाहेरही पडला होता. पण आम्हाला अभिप्रेत असलेल्या घरातून तो बाहेर पडला नव्हता.

हे असे का घडले, याची मुळे पन्नास वर्षे मागे जातात. ती सांगितल्याशिवाय आमच्या चुकीचा उलगडा होणार नाही.

युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्पसन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७१ साली लिहिला. तो फारच लहान होता. त्यात फेरेच नव्हते. ‘इफ’, ‘गोटू’, ‘एक्झिट’ हे शब्दसुद्धा शेलच्या पोटात नव्हते. ते बाहेरचे स्वतंत्र कार्यक्रम होते. मग बाहेरच्या कार्यक्रमाने शेलला थांबवायचे कसे? युक्ती साधी होती. स्क्रिप्टची फाइल शेल जिथपर्यंत वाचतो, तिथली खूण शेल आणि त्याने सुरू केलेला कार्यक्रम या दोघांत सामाईक असे. ‘एक्झिट’ नावाचा कार्यक्रम ती खूण उचलून फाइलीच्या अगदी शेवटी नेऊन ठेवी. शेल पुढची ओळ वाचायला जाई, तर पुस्तक संपलेले. तो निमूटपणे थांबे. ‘गोटू’ हाही तीच खूण हलवून हव्या त्या नावाच्या ओळीवर नेऊन ठेवी.

गोटूच्या या उड्यांविषयी संगणकशास्त्रात तोवर वाद पेटलेला होता. एड्स्खर डाइकस्ट्रा यांचे गोटू घातक आहे असे बजावणारे पत्र मार्च १९६८ मध्ये छापून आले होते. कार्यक्रम वाचणाऱ्याला आपण कोठून येथे पोहोचलो हे कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बोर्न यांचा नवा शेल आला, तेव्हा गोटू गेला आणि त्याच्या जागी फेरे आले. बोर्न यांच्यावर अल्गोल ६८ या भाषेचा संस्कार होता. त्या भाषेत आरंभीचा शब्द उलटा लिहून शेवट करतात. त्याप्रमाणे ‘इफ’चा शेवट ‘फी’, ‘केस’चा शेवट ‘एसॅक’. ‘डू’चा शेवट मात्र ‘ऑड’ करता आला नाही, कारण त्या नावाचा कार्यक्रम युनिक्समध्ये आधीच होता. म्हणून तिथे ‘डन’ आले. ‘ब्रेक’ आणि ‘कंटिन्यू’ आणि त्यांच्यापुढचा आकडा हेही याच शेलने रूढ केले.

त्या आकड्याविषयी आमची एक तक्रार आहे. ‘ब्रेक दोन’ म्हणजे दोन फेऱ्यांतून बाहेर. उद्या कोणी मध्ये आणखी एक फेरा घातला, तर तोच दोनचा आकडा दुसऱ्याच ठिकाणी आणून सोडतो. त्यापेक्षा मोठा आकडा लिहिला, तरी शेल तक्रार करीत नाही, सर्वांत बाहेरचा फेरा सोडून देतो. पर्ल आणि जावा या भाषांनी फेऱ्याला नाव देण्याची सोय केली. ‘दोन दारे ओलांड’ म्हणण्याऐवजी ‘भोजनगृहातून बाहेर ये’ म्हणता येते. शेलमध्ये आजही दारेच मोजावी लागतात. मोजण्याचे घोळही काही थोडे नाहीत. बॅश नावाच्या आज सर्वत्र असलेल्या शेलमध्ये २०१६ पर्यंत असे होते की फेऱ्यातून एखाद्या फंक्शनला बोलावले आणि त्या फंक्शनने स्वतःचा फेरा नसताना ‘ब्रेक’ म्हटले, तर बोलावणाऱ्याचा फेरा तुटे. पाहुण्याने यजमानाची पंगत उठवावी तसे. त्या वर्षीच्या आवृत्तीने ते दार बंद केले.

आमची चूक मात्र आकड्याची नव्हती, पाइपची होती. पाइप म्हणजे एका कार्यक्रमातून निघालेले थेट दुसऱ्यात सोडण्याची नळी. डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून ती १९७३ साली युनिक्समध्ये आली आणि युनिक्सचे सगळे सौंदर्य तिच्यात आहे असे मानले जाते. आम्ही यादी क्रमाने लावणाऱ्या कार्यक्रमातून पाइपने आमच्या फेऱ्यात सोडली होती. पण पाइपच्या दोन्ही बाजू एकाच वेळी चालाव्या लागतात. म्हणून शेल आपल्यासारखाच एक लहान शेल जन्माला घालतो आणि फेरा त्याच्या हाती देतो. ‘एक्झिट’ म्हटले ते त्या लहान शेलने. तो बाहेर पडला, त्याचे तेवढेच घर मिटले. मोठा शेल पुढच्या ओळीवर गेला.

पुन्हा हजेरीकडे वळतो. अधीक्षक सरांनी एका मॉनिटरला सांगितले, “त्या बाजूच्या खोल्यांची हजेरी तू घे.” मॉनिटरला एक खाट रिकामी दिसली. सांगितल्याप्रमाणे त्याने हजेरी थांबविली, आपली वही मिटली आणि सरांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवून तो झोपायला गेला. सरांनी चिठ्ठी न वाचताच दिवे मालवले.

ती चिठ्ठी खरोखरच असते. शेलमधला प्रत्येक कार्यक्रम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सर्व ठीक. शून्याखेरीज काहीही असेल, तर काहीतरी बिघडले. आमच्या लहान शेलने ‘एक’ हा आकडा मागे ठेवला होता. पुढच्या ओळीने तो पाहावा, असे आम्ही लिहिलेच नव्हते. फेऱ्याच्या शेवटी ‘हे नीट झाले नसेल तर तूही थांब’ अशा अर्थाचे दोन शब्द पुरले असते.

या घटनेत एक विचित्र गोष्ट आहे. १९७१ सालच्या त्या इवल्याशा शेलमध्ये बाहेरचा कार्यक्रम मोठ्याचे पुस्तक मिटवू शकत होता. पुढे सुधारलेल्या शेलमध्ये आमचा लहान शेल फक्त स्वतःचे पुस्तक मिटवू शकला. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये पाइपचा शेवटचा भाग मोठा शेल स्वतःच चालवतो. तिथे आमची हीच स्क्रिप्ट, याच शब्दांनिशी, बरोबर थांबली असती. बॅशमध्येही २०११ पासून तशी सोय आहे, पण ती मागून घ्यावी लागते. प्रमाण नियमावली दोन्ही वागणुकींना मुभा देते. एकच शब्द एका घरात सगळ्यांना थांबवतो, दुसऱ्या घरात एकट्यालाच.

अशी चूक करणारे आपण पहिले नव्हेत, एवढा दिलासा वाचनातून मिळाला. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील ए. टी. अँड टी. या कंपनीचे दूरध्वनीचे जाळे सुमारे नऊ तास कोलमडले होते. कारण निघाले ‘सी’ भाषेतले एक ‘ब्रेक’. ते ‘स्विच’ या रचनेच्या आतल्या एका ‘इफ’मध्ये बसले होते. ‘ब्रेक’ला ‘इफ’ दिसतच नाही. ते थेट ‘स्विच’मधून बाहेर पडले आणि करायचे काम राहून गेले.

आम्ही पुन्हा रजिस्टर उघडले. चिकटलेली पाने पोस्टकार्डाच्या कडेने सोडविली, स्कॅन केली. क्रमाने लावलेली यादी आधी एका फाइलीत उतरवून फेऱ्याला थेट तिथून वाचायला लावले, म्हणजे मध्ये पाइप नको आणि लहान शेलही नको. प्रत्येक टप्प्याचा आकडा पाहण्याची अट घातली. आणि लिपिक सरांच्या सांगण्यावरून प्रत्येक नाव डोळ्यांनी पडताळले. सर म्हणाले, “यंत्रानं पाहिलं म्हणजे तुम्ही पाहिलं असं नाही.” त्या पडताळणीला आठ दिवस लागले.

याच आठ दिवसांत आम्ही रजिस्टरातला एक रकाना प्रथमच वाचला. शाळेत असताना तो कधी आमच्या नजरेला पडण्याचे कारण नव्हते. ‘शाळा सोडल्याचे कारण.’ बहुतेकांपुढे ‘इयत्ता दहावी उत्तीर्ण’. काहींपुढे ‘पालकांची बदली’. आणि कितीतरी नावांपुढे दोनच शब्द होते, ‘सतत गैरहजर’.

आमच्या तुकडीतले एक नाव त्यात होते. आठवीपर्यंत तो आमच्या शेजारच्या खाटेवर झोपत असे. गणितात आम्हा तिघांच्या पुढे. दिवाळीच्या सुटीला घरी गेला, तो परतलाच नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. धाकट्या भावंडांना सांभाळायला कोपीवर कोणीतरी हवे होते. हे आम्हाला ठाऊक होते. रजिस्टराला ठाऊक नव्हते. रोज सकाळी त्याचे नाव पुकारले जाई, खूण होई, पुढचे नाव येई. वर्गाच्या दृष्टीने ती एक सोडलेली पाळी होती. फेरा चालू होता. त्याच्या दृष्टीने मात्र तो शाळेतून कायमचा बाहेर पडला होता. कितव्या दिवशी ‘कंटिन्यू’चा ‘एक्झिट’ झाला, हे कोणी पाहिले नाही. चिठ्ठी टेबलावर होती. आम्हीही ती वाचली नाही, आणि आम्ही तर शेजारच्या खाटेवर होतो.

बाहेर पडणे वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. आपल्या परंपरेत बाहेर पडण्याला फार मोठे स्थान आहे. सिद्धार्थ राजवाड्यातून बाहेर पडला आणि सहा वर्षांच्या देहदंडानंतर तो मार्गही त्याने सोडला. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती पुरी केली. मधली एकवीस वर्षे ते आपण काय सोडतो आहोत, का सोडतो आहोत आणि कुठे जाणार आहोत, हे लोकांना सांगत राहिले. त्या बाहेर पडण्याची नोंद स्वच्छ आहे. ज्यांना आपल्या बाहेर पडण्याचे कारण सांगण्याची संधीच मिळाली नाही, त्यांची नोंद कोणीतरी जाऊन विचारली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून या लेखाच्या शेवटी दोन गोष्टी मांडतो. पहिली मुख्याध्यापक सर आणि अधीक्षक सरांना विनंती. एखादे मूल सलग तीन दिवस गैरहजर दिसले, तर त्याच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जावे. तालुक्यात आमच्यासारखे माजी विद्यार्थी आहेत, आम्ही पाळीपाळीने जाऊ. दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. ‘सतत गैरहजर’ असा शेरा असलेल्या आपापल्या तुकडीतील मित्रमैत्रिणींपैकी जे कोणी तुम्हाला भेटत असतील, त्यांना या वर्षीच्या स्नेहमेळाव्याला घेऊन या. त्यांना दहावी झालेली नाही म्हणून ते संकोचतील. त्यांना सांगा की या शाळेचे ते विद्यार्थीच आहेत. त्यांच्या मुलांना दाखल्याची प्रत लागली, तर त्यांचे पान आता बरोबर जागी आहे. ते आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आमचा मित्र कोल्हापूरच्या बाजूला असतो, असे कळले आहे. पाऊस उघडला की आम्ही तिघे जाणार आहोत.

नमो बुद्धाय! जय भीम!